गोऱ्या कानाचा जावई

सिल्वासाला बदली होऊन आलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीच्या फाटकातून स्कूटर आत घातली आणि समोर एक गृहस्थ उभे दिसले. लेंगा, बनियन, दोन्ही कानांवर पिवळेधमक प्लास्टिकचे डबे, डब्यांना जोडणारी पट्टी टकलावरून गेलेली आणि दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या बॅटी. बॅटी खांद्यामागे नेत ते मला पुढे बोलावत होते. मी त्यांच्या रोखाने गेलो. त्यांनी एक बॅट खाली केली, मी वळलो. दुसरी खाली केली, मी तिकडे वळलो. मग एकाएकी त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बॅटी एकमेकींवर आडव्या धरल्या. निघताना आमच्या वडिलांनी बजावलं होतं की नव्या गावात कुणी नमस्कार केला तर उलट केल्याशिवाय राहायचं नाही. मी हँडल सोडून दोन्ही हात जोडले.

स्कूटर घरमालक मगनभाईंच्या तुळशीवृंदावनात गेली.

"क्रॉस म्हणजे थांबा," मला उचलत ते गृहस्थ म्हणाले. "नमस्कार नव्हे. एवढाल्या विमानांना कळतं."

बायको आणि टेंपोभर सामान मागे उभं असताना माझी तुलना विमानाशी होऊन मी त्यात नापास झालो होतो. मगनभाई बाहेर आले, तुळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, "आ माणस गांडो छे के शुं?" माणूस वेडा आहे की काय, हा प्रश्न बॅटीवाल्यांबद्दल होता अशी समजूत मी आजतागायत करून घेतलेली आहे.

बॅटीवाले म्हणजे रघुनाथ सावे. मूळ गाव पालघरकडचं आणि उभी नोकरी मुंबईला विमानतळावर. विमानतळावर म्हटलं की लोकांना पायलट नाहीतर हवाईसुंदरी आठवते. सावे या दोघांच्या खालचे, म्हणजे अक्षरशः विमानाच्या खालचे. विमानाच्या पोटात सामान भरायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि पुढे बढती मिळाल्यावर कानांवर आवाज अडवणारे डबे चढवून, हातात बॅटी घेऊन आलेलं विमान जागेवर आणून उभं करायचं. त्या मोकळ्या जागेला ते 'फील्ड' म्हणत. फील्डवरच्या आवाजाला कंटाळून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि शांत गाव म्हणून सिल्वासा निवडलं. त्यांनी टोकरखाड्यात बिऱ्हाड थाटायला आणि सरकारने कारखान्यांना करमाफी द्यायला एकच गाठ पडली. मी आलो तोवर, म्हणजे नव्वदच्या सुमाराला, गावाच्या चारी बाजूंनी धाग्याचे कारखाने किंचाळायला लागले होते आणि घरी बसवेना म्हणून सावे त्यांतल्याच एकात टाइमकीपर झाले होते.

कान हा त्यांचा देव होता. देवाबद्दल मात्र त्यांची एक तक्रार होती. "डोळ्याला पापणी दिली, तोंडाला ओठ दिले, कानाला झाकण द्यायचं तो विसरला," ते म्हणत. "ते काम माझ्याकडे आलंय." आणि ते काम ते फुकट, न बोलावता, भल्या सकाळपासून करत. लेंग्याच्या खिशात कापसाचं पुडकं कायम. दिवाळीत फटाका लावणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानात आधी सावेंचा कापूस जायचा. मग फटाका फुटायचा आणि पोरगं तक्रार करायचं की वाजलाच नाही. आमच्या हिने मिक्सर घेतला तेव्हा उद्घाटनाला ते कापूस घेऊन हजर. नारळाची चटणी वाटून होईपर्यंत आम्ही तिघं कान झाकून, एखाद्या मोठ्या स्फोटाची वाट पाहत असल्यासारखे ओट्याशी उभे.

त्यांच्याशी बोलायचे काही नियम होते. पहिला म्हणजे आधी इंजिन बंद. इंजिन म्हणजे स्कूटर, रेडिओ, पंखा, नळ, काहीही. ते बंद केल्यावर समोर येऊन उभं राहायचं आणि मग बोलायचं. पाठीमागून हाक मारली तर ते ढिम्म हलत नसत. फील्डवर पाठीमागून मारलेल्या हाकेला अर्थ नसतो म्हणे. माझ्याशी मात्र त्यांचं जमायचं. "दळवी, तुमचा आवाज सरकारी आहे," ते म्हणाले होते. "समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, पोचतो." बांधकाम खात्यात कारकुनी करून मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

आमच्या हेडक्लार्कच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा वरातीला बँड होता आणि नवरदेवाला घोडी. सावेंनी बँडवाल्यांना कापूस वाटला, तो त्यांनी खिशात घातला. मग सावे घोडीकडे वळले. मुक्या जनावराला बोलता येत नाही म्हणून त्याने काय सगळं ऐकून घ्यायचं, असा त्यांचा सवाल. कुणाच्या लक्षात येण्याआधी घोडीच्या दोन्ही कानांत कापूस गेला. घोडी शांत झाली, हे खरं. इतकी शांत झाली की बसस्टँडसमोर मधोमध उभी राहिली ती राहिलीच, कारण मालकाच्या जिभेची टकटक तिच्यापर्यंत पोचेना. खानवेलची बस अडली, मागे दोन ट्रक अडले, सगळ्यांनी हॉर्न धरले. त्या गदारोळात स्वस्थ अशी फक्त घोडी आणि पिवळे डबे घातलेले सावे. शेवटी त्यांनी खिशातून बॅटी काढल्या, घोडीसमोर उभे राहिले आणि तिला इशारे करायला लागले. घोडी हलली नाही. नवरदेव पायी गेला.

कारखान्यातही त्यांनी हेच आरंभलं. मालकाचं डोकं खाऊन खाऊन कामगारांसाठी कानात घालायच्या रबरी बुचांची पेटी मागवली. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे. त्यांनी बुचं आनंदाने घेतली, दुसऱ्या दिवशी आणखी मागितली. सावे हरखले. मलाही म्हणाले की बघा, माणूस ऐकतो, सांगणारा पाहिजे. मग एका रविवारी त्यांना शोध लागला की सिल्वासाला दारू खुली असल्यामुळे गावातल्या निम्म्या अर्धवट बाटल्यांना सावेंची बुचं बसलेली आहेत आणि ती बाटलीच्या मूळ झाकणापेक्षा घट्ट बसतात. त्यांनी एका कामगाराला धरून विचारलं. त्याने अहिराणीत जे उत्तर दिलं त्याचा अर्थ असा की कानातून काही सांडत नाही, बाटलीतून सांडतं.

आता इंदूकाकूंबद्दल. सावेंच्या पत्नी. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, आणि बोलणं इतकं हळू की आमची ही त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली की पुढे वाकून बसायची. काकू आणि सावे यांचं संभाषण आम्ही रोज पाहायचो. पाहायचो असंच म्हणायला हवं. सावे खाली अंगणात, काकू वर गॅलरीत. काकूंनी एक हात उभा केला की जेवण तयार, दोन्ही हात बाजूला पसरले की भाजी नाही, घेऊन या. सावे बॅटीने उत्तर देत. कॉलनीतल्या बायकांना या प्रकाराचं फार कौतुक. या वयात कसं लाडिक चाललंय, असं आमची ही म्हणायची आणि पाठोपाठ माझ्याकडे बघायची. एकदा मीही हौसेने अंगणातून तिला चहाची खूण केली. तिने खिडकी लावून घेतली.

सावेंना मूल एकच, वैशाली. सामरवरणीच्या शाळेत शिकवायची. बापाची उंची, आईचा आवाज. वर्गात एवढ्या हळू बोलूनही मुलं कशी ऐकतात असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, हळू बोललं तरच ऐकतात काका. तिला डहाणूकडून एक स्थळ आलं. प्रकाश चुरी. मुलाला तिने आधी एका नात्यातल्या लग्नात पाहिलं होतं आणि मुलानेही तिला पाहिलं होतं. थोडक्यात, जे ठरायचं ते ठरलेलं होतं, आता फक्त मोठ्या माणसांना ते ठरवल्याचं समाधान द्यायचं होतं. मुलगा मुंबईला विमानतळावरच होता. फील्डवर. सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. आम्हाला वाटलं, सावेंना आभाळ ठेंगणं होईल.

बघण्याच्या कार्यक्रमाला वडीलधारा म्हणून मला बोलावलं होतं. वडीलधाऱ्याचं काम म्हणजे कोपऱ्यात बसून 'वा' म्हणणं, ते मला येतं. प्रकाश आला, सोबत त्याचे मामा. मामा तेलाच्या घाण्याचे मालक होते आणि त्यांच्याकडे पाहून ते कळत होतं. चहा-नानकटाई झाली. वैशाली येऊन बसली. प्रकाश कपबशीकडे बघत हसत होता. इतक्यात सावे उठले, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि प्रकाशला उजेडात बोलावलं. मग हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवलं, न्हाव्यासारखं.

"उजवा कान गोरा आहे," सावे म्हणाले. "डावा करपलाय."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मी सवयीने 'वा' म्हणालो.

सावेंनी समजावून सांगितलं. फील्डवर सावली नसते. जो माणूस दिवसभर डबे नीट घालतो त्याचे दोन्ही कान झाकलेले राहून उजळ राहतात, बाकीचं तोंड रापतं. ज्याचा एकच कान रापलाय तो त्या बाजूचा डबा कानामागे सरकवून काम करतो. प्रकाश ओशाळला. मुकादमाची हाक ऐकू यावी म्हणून सरकवतो, असं त्याने कबूल केलं. सगळेच सरकवतात.

"सगळेच," सावे म्हणाले. "आम्हीही सगळेच होतो." आणि हात जोडून म्हणाले की हे लग्न होणार नाही.

मामा उभे राहिले. "अहो, मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाचे कान बघायचे? आम्ही तुमच्या मुलीचे दात मोजले का?" घाण्यावरून ते कोणत्या पद्धतीने माणसं बाहेर काढतात हेही त्यांनी सांगितलं. सावेंनी तेवढ्यात डबे कानांवर चढवले होते, त्यामुळे ते सगळं मला ऐकावं लागलं.

पुढचे काही दिवस त्या घरात भलतीच शांतता पसरली. वैशाली भांडली नाही, रडली नाही. बाबा बोलायला लागले की ती फक्त खिशातून कापूस काढायची आणि दोन्ही कानांत घालायची. सावेंची अडचण झाली. आयुष्यभर जे लोकांच्या गळी उतरवायला धडपडले ते पहिल्यांदा कुणीतरी मनापासून करत होतं. काकूंचं काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्या एवढंच हळू आवाजात आमच्या हिला म्हणाल्या, की भाऊजींना सांगा, यांच्याशी एकदा बोलून बघा. हिने मला सांगितलं आणि वर पुस्ती जोडली की तुम्हाला दोन्ही कान धडधाकट असून घरात काही उपयोग झाला नाही, बाहेर तरी होऊ दे.

रविवारी दुपारी मी सावेंना मागे बसवून दादऱ्याला वनगंगा तळ्यावर घेऊन गेलो. वाटेत, स्कूटर चालवताचालवता, मी माझे सगळे मुद्दे मांडले. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी कायमची आहे, मुलीला पसंत आहे, कानावरून लग्न मोडल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही. उत्तम बोललो. तळ्याशी उतरल्यावर लक्षात आलं की ते डबे घालून बसले होते.

बाकावर बसलो. समोर पाण्यात बदकं होती, पलीकडच्या कमानीच्या पुलावर सुरतेकडची मंडळी फोटो काढून घेत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार तेवढ्यात सावेंनी डबे काढून मांडीवर ठेवले.

"माझा उजवा कान गेलेला आहे, दळवी," ते म्हणाले. "डावा चार आणे शिल्लक आहे."

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की कानांवर डबे आहेत म्हणून या माणसाला हाका ऐकू येत नाहीत.

"डबे घातले की बरं असतं," सावे म्हणाले. "लोक बहिरा म्हणत नाहीत, चक्रम म्हणतात."

त्यांच्या उमेदीतही डबे होते, पण ते गळ्यात घालायची पद्धत होती, हारासारखे. दोन्ही कान झाकणाऱ्याला बाकीचे बाईमाणूस म्हणत. सावे त्यातल्या त्यात शहाणे, एक कान झाकायचे. दुसरा मुकादमासाठी उघडा. त्या कानाने आधी बारीक आवाज सोडले, मागोमाग झाकलेलाही उतरत गेला. कुकरची शिट्टी गेली, पक्षी गेले. पक्ष्यांचं त्यांना काही वाटलं नाही, कारण फील्डवर पक्षी हा विमानाचा शत्रू.

"मग हिचा आवाज गेला," ते म्हणाले. "म्हणजे तिचा होता. माझ्याकडे यायचा बंद झाला."

बदकांकडे बघत ते पुढे बोलत राहिले. काकूंनी पहिल्यांदा आवाज चढवला. पण तो आवाज चढणाऱ्यातला नाही, घसा बसायचा. कानाचं यंत्र आणून पाहिलं, त्यातून काकूंपेक्षा पंखाच जास्त बोलायचा, म्हणून ते कपाटात गेलं. मग दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. जेवण झालं, भाजी संपली, पाहुणे आलेत. आम्हा कॉलनीकरांना जे लाडिक वाटत होतं ते हे.

"खुणेने काय सांगता येतं?" सावे म्हणाले. "गॅस संपला, हे सांगता येतं. ओरडूनही सांगता येतं. पण बाई काही नुसतं गॅस संपलेला सांगत नाही हो. पलीकडची काय म्हणाली, स्वप्नात कोण आलं, उगाच काहीतरी आठवलं. ते ओरडून सांगण्यासारखं नसतं. ते तिने सांगायचंच सोडलं. आता मला आठवतही नाही तिला काय काय सांगायची सवय होती. वैशालीचा आवाज हिच्यावर गेलाय. त्या पोराचा कान असाच गेला तर आणखी काही वर्षांनी तिच्याकडेही गॅस आणि भाजी एवढंच उरेल."

माझ्याजवळ मुद्दे पुष्कळ होते, पण ते सगळे मुलाच्या पगाराबद्दल होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "हे तुम्ही मला कशाला सांगताय? त्याला सांगितलंत का?"

त्या दिवशी मी उच्चारलेलं हे एकमेव कामाचं वाक्य, आणि तेही दुसरं काही सुचलं नाही म्हणून. सावेंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिल्यांदाच इशाऱ्याप्रमाणे बरोबर जागी येऊन थांबलो होतो.

पुढच्या रविवारी प्रकाश एकटाच आला. वैशालीने त्याला बूथवरून फोन केला होता. मामांना न सांगता तो गाडीने वापीला उतरला आणि रिक्षाने सिल्वासाला आला. सावेंनी त्याला गॅलरीत बसवून जे मला सांगितलं ते सगळं सांगितलं असावं. मी खाली स्कूटर पुसत होतो. ती आधीच पुसलेली होती. बऱ्याच वेळाने प्रकाशचा आवाज आला की यापुढे दोन्ही कान झाकीन, शब्द देतो. सावे म्हणाले की शब्द नको, कान दाखव. डावा कान उजव्याइतका गोरा झाला की साखरपुडा. आणि हे भर उन्हाळ्यातच झालं पाहिजे, कारण पावसाळ्यात सगळ्यांचेच कान गोरे.

अशा रीतीने आमची कॉलनी एका कानाच्या गोरेपणाकडे डोळे लावून बसली. प्रकाश सुटीच्या दिवशी यायचा, अंगणात उन्हात उभा राहायचा, सावे चष्मा लावून तपासायचे, आम्ही आपापल्या गॅलऱ्यांतून निकालाची वाट पाहायचो. मगनभाईंनी तर पैज लावायची सूचना केली होती. पहिल्या तपासणीला डावा कान आश्चर्यकारक गोरा निघाला. सावेंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा हुंगला.

"हा कान फील्डवरचा नाही," ते म्हणाले. "हा नाटकातला आहे."

पावडर मामांनी सुचवली होती. भाच्याने गुपचूप केलेल्या वाऱ्या त्यांना कळल्या होत्या आणि धंदेवाइक माणूस असल्यामुळे ते मालाला चकाकी आणायच्या बाजूचे होते. प्रकाशने नळाखाली डोकं धरलं. वैशाली गॅलरीत उभी राहून हसत होती. कानातला कापूस तिने केव्हाच काढून टाकला होता.

फील्डवर प्रकाशची सुरुवातीला फार टिंगल झाली. दोन्ही डबे घातले की मुकादमाची हाक पोचेना, तेव्हा त्याने मुकादमालाच हाताच्या खुणा शिकवल्या. टोळीतले लोक त्याला 'सासरेबुवा' म्हणून चिडवायचे. मग हळूहळू त्यांतल्या आणखी दोघातिघांनी दोन्ही कान झाकायला सुरुवात केली. त्यांच्या सासऱ्यांकडून तशी काही मागणी नव्हती. ही बातमी प्रकाशने सांगितली तेव्हा सावे उठले. आत जाऊन त्यांनी नानकटाईचा डबा आणला आणि पूर्ण त्याच्यापुढे ठेवला.

मे महिन्याच्या शेवटी डावा कान पास झाला. दोन्हींत थोडा फरक आहे अशी शंका मला होती, पण माझं मत कुणी विचारलं नाही. लग्न पावसाळ्याआधी उरकलं. बँड नव्हता. सनई होती, ती सावेंनी मांडवाच्या इतकी बाहेर बसवली होती की तिचा आनंद मुख्यतः शेजारच्या पिठाच्या गिरणीला झाला. मामा शेवटपर्यंत फुगून होते आणि जिलेबी मात्र तीनदा घेतली.

पहिल्या दिवाळसणाला लेक-जावई आले. मला फराळाला बोलावणं होतं. भाऊबीजेचा दुसरा दिवस, दुपारची वेळ, फटाके संपलेले, कारखाने बंद. सिल्वासात इतकी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती. बाहेरच्या खोलीत सावे, प्रकाश आणि मी. काकू दाराशी पाटावर बसून करंज्या डब्यात भरत होत्या. सावे जावयाला फील्डवरची एक गोष्ट सांगत होते, विमानाच्या चाकाखाली कुणाचं तरी जेवण आलं होतं ती. प्रकाश मान डोलावत ऐकत होता.

स्वयंपाकघरातून वैशाली काहीतरी बोलली. आपल्याशीच बोलावं तसं, भांडी आवरता आवरता. प्रकाश गोष्टीच्या मध्यातच उठला आणि आत गेला. आतून दोघांचं हसणं आलं, मग तिचा आवाज, मग त्याचा.

सावे थांबले. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी मला विचारलं, "तिने हाक मारली का?"

मी नाही म्हटलं. हाक नव्हती.

"मग काय म्हणाली?"

मी अडचणीत आलो. मला ऐकू आलं होतं. त्यांच्या ओट्याच्या खिडकीतून मगनभाईंचा वाळत घातलेला लेंगा दिसत होता आणि वारा भरून तो मगनभाईंसारखाच चालतो, असं ती म्हणाली होती. आता हे सावेंना ऐकू जाईल एवढ्या माझ्या सरकारी आवाजात सांगायचं तर ते मगनभाईंनाही गेलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."

"असंच?"

"असंच काहीतरी."

सावे मागे टेकले. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. परीक्षेत पोरगं पास झालं आणि पेढे कुणी खायचे हे कळत नसावं, तसं काहीसं. मग ते उठले. करंज्यांचा डबा बाजूला सरकवून, गुडघे धरत, काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले. डावी बाजू त्यांच्याकडे करून बसले. आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण स्वतःचा आवाज किती मोठा आहे तेही त्यांना कळत नसे, म्हणाले, "तू पण सांग काहीतरी. असंच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याच्या कानाशी लागणाऱ्यांतल्या त्या बाई नव्हेत. मी पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या बघायला लागलो. ते ह्याच वर्षाचं कॅलेंडर होतं.

मागे पाट सरकल्याचा आवाज झाला. काकू काहीतरी बोलायला लागल्या होत्या. पुष्कळ वेळ बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही.